सोंड खाली असतानाच हवा का सुटायची? घरी बनवलेल्या एका न्यूमॅटिक सिलिंडरचं प्रकरण

गणपतीच्या देखाव्यातल्या हत्तीची सोंड हवेच्या दाबावर दांडा पुढेमागे करणाऱ्या सिलिंडरनं हलायची, पण वर जायची ती अडकत अडकत आणि खाली यायची ती धाडकन. मंडळाची पोरं हे फोनवर सांगत होती तेव्हा मी त्यातला पहिला अर्धाच भाग मनावर घेतला. पुढे एक पिस्टन वाया गेला, चार रात्री गेल्या आणि धड चालणारं सील गळायला लागलं, ते सगळं त्या राहिलेल्या अर्ध्या वाक्यामुळे. लेथवर स्वतःचा सिलिंडर बनवणाऱ्या कुणालाही यातली एखादी तरी गोष्ट भेटणारच, म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

काम काय होतं

आमचा गाळा कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. एरवी ऑइल इंजिनाचे, पंपांचे, गुऱ्हाळाच्या चरकाचे सुटे भाग येतात. गणपतीच्या आधीच्या महिन्यात मात्र देखाव्यांची कामं येतात आणि ती मला मनापासून आवडतात, कारण ती घेऊन येणारी पोरं प्रश्न विचारतात. यावेळी दोघं आली. एक मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, दुसरा वेल्डिंगच्या दुकानात कामाला. फायबरचा हत्ती तयार होता. आरतीच्या वेळी त्यानं सोंड उचलून नमस्कार करायचा होता.

आधी हिशोब केला. सोंड दीड मीटर लांब, वजन ९ किलो. वजनाचा मध्य बिजागरीपासून ६० सेंमीवर. सिलिंडरचा दांडा बिजागरीपासून १० सेंमीवर जोडायचा होता, म्हणजे लागणारा जोर ९ गुणिले ६०, भागिले १०, म्हणजे ५४ किलो. ५० मिमी बोअरच्या (म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) पिस्टनचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंमी. ४ बार प्रेशरला तो साधारण ८० किलो जोर देतो, घर्षणाला आणि बिजागरीच्या कुरकुरीला पुरेशी जागा ठेवून. ४० मिमी बोअर घेतला असता तर ४ बारला ५१ किलोच मिळाले असते, म्हणजे सोंड हललीच नसती. स्ट्रोक, म्हणजे दांड्याची धाव, १०० मिमी ठरवला, त्यात सोंड साधारण ६० अंश फिरते.

पोरांनी आधीच एक सिलिंडर करून पाहिला होता. पाण्याच्या पीव्हीसी पाइपचा, दोन्ही टोकांना सोल्युशननं चिकटवलेले एंड कॅप. तो मी टेबलावरून उचलला आणि परत दिला नाही. पीव्हीसी पाइपमध्ये पाणी भरणं वेगळं आणि हवा कोंडणं वेगळं. पाणी दाबलं जात नाही, पाइप तडकला तर थोडं पाणी उडतं आणि प्रेशर तिथंच संपतं. हवा मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते. पाइप फुटला की ती सगळी एकदम सुटते, आणि पीव्हीसी फाटत नाही, त्याच्या धारदार कपच्या होतात. हत्तीच्या पायाशी लहान मुलं उभी राहणार होती. या मुद्द्यावर मी कुणाशी चर्चा करत नाही.

५० बाय १०० चा तयार सिलिंडर बाजारात मिळतो, तो घ्या, हेही मी सांगितलं. मापं जगभर ठरलेली असतात, ट्यूब आतून होन केलेली (दगडानं घासून गुळगुळीत केलेली) असते, सील बदलून मिळतं. डिप्लोमावाला म्हणाला, "काका, विकत आणला तर मला त्यात काय कळणार? तुम्ही लेथवर उभं करा मला." त्याला नाही म्हणता आलं नाही, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

सिलिंडर कसा केला

ट्यूब अ‍ॅल्युमिनिअमची, बाहेरून ५५ मिमी, आतून साधारण ४९. दीडशे मिमीचा तुकडा कापला, आतून ५० ला बोअर केला, भिंत राहिली अडीच मिमी. ६ बारला अडीच मिमीच्या भिंतीवर येणारा ताण अगदी किरकोळ आहे, ताकदीची काळजी नव्हती. बोअरिंग बार (आतून कापणारं टूल धरणारा दांडा) ३२ मिमीचा लावला. बार आपल्या जाडीच्या चार-पाच पटींपेक्षा जास्त बाहेर काढला की तो गायला लागतो आणि बोअरमध्ये लाटा उमटतात. इथे तो साडेचार पटींच्या आसपास होता, जमून गेलं. मिनिटाला साडेपाचशे फेऱ्या, बारीक फीड आणि थेंबथेंब रॉकेल. अ‍ॅल्युमिनिअमला रॉकेल हवंच, नाहीतर धातू टूलच्या टोकाला चिकटून बसतो आणि कापण्याऐवजी ओरबाडत जातो.

ट्यूब तीन जॉच्या चकमध्ये धरली होती, एका टोकाला चाळीसेक मिमी. पुढे सरकू नये म्हणून चकची चावी चांगली आवळली होती. हे वाक्य लक्षात ठेवा.

पोरांच्या चित्रात हवेचं भोक ट्यूबच्या भिंतीत, टोकापासून २० मिमीवर होतं. ते मी कव्हरमध्ये नेलं. पिस्टनवरची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबराची गोल कडी, भिंतीतल्या भोकावरून गेली की प्रेशरनं ती भोकात थोडी फुगते आणि भोकाची कड तिचा कण न कण कुरतडते. शंभरेक फेऱ्यांत रिंग उंदरानं खाल्ल्यासारखी दिसते. पाहिलेल्या घरगुती सिलिंडरांमध्ये ही चूक मला सगळ्यात जास्त दिसली आहे.

पिस्टनला अ‍ॅल्युमिनिअम वापरलं नाही. अ‍ॅल्युमिनिअमवर अ‍ॅल्युमिनिअम घासलं की दोन्ही एकमेकांना धरतात आणि बोअरला ओरखडे पडतात. नायलॉन हाताशी होतं, पण नायलॉन ओल पितं आणि फुगतं, आणि आमच्याकडे भाद्रपदात कॉम्प्रेसरची हवा म्हणजे निम्मा पाऊसच. म्हणून डेलरिन घेतलं, ओल फारशी न पिणारं कडक प्लास्टिक. पिस्टनचं बाहेरचं माप ४९.८ ठेवलं. दांडा १६ मिमीचा हार्ड क्रोम रॉड, पुढच्या कव्हरमध्ये त्याला गनमेटलचा बुश. दोन्ही कव्हर चार एम६ टाय रॉडांनी आवळलेले.

आता ग्रूव्ह, म्हणजे पिस्टनवरची रिंग बसायची खाच. सिलिंडरचं आयुष्य इथे ठरतं, त्यामुळे इथे थोडं थांबतो. ओ-रिंग ४४ बाय ३ ची (आतला व्यास ४४ मिमी, जाडी ३), नायट्राइल रबराची. (नळाच्या दुकानातली रिंग स्वस्त मिळते, पण ती बरेचदा ईपीडीएमची असते. पाण्याला उत्तम, पण खनिज तेलाचं ग्रीस लागलं की फुगते.) हलत्या पिस्टनमध्ये ३ मिमीची रिंग साधारण ०.४ मिमी चेपली जावी. त्यापेक्षा कमी चेपली तर हवा निसटते, जास्त चेपली तर पिस्टन जड होतो आणि रिंग लवकर झिजते. म्हणजे ग्रूव्हची खोली बोअरच्या भिंतीपासून २.६ मिमी, तळाचा व्यास ४४.८. ४४ ची रिंग त्यावर किंचित ताणून बसते, आणि तशीच ती बसायला हवी. ग्रूव्हची रुंदी ४ मिमी, कारण चेपलेल्या रबराला बाजूला सरकायला जागा लागते. रबर आकार बदलतं, त्याचा आकारमानाचा हिशोब बदलत नाही.

ग्रूव्हसाठी टूल ३ मिमी रुंद घासलं आणि दोन वेळा उतरवून ४ केलं. टोकाचे दोन्ही कोपरे दगडावर हलकेच गोल केले. ग्रूव्ह झाल्यावर वरच्या दोन्ही कडांवर नख फिरवून पाहिलं. डावी कड नखाला लागली. तेवढीशी बर (कापताना कडेला उरलेली बारीक धार) पुरते. रिंग चढवताना तिच्या पोटावर केसाएवढी चीर पडते, ती डोळ्याला दिसत नाही आणि मग माणूस आठ दिवस भलतीकडेच गळती शोधत बसतो. ट्यूबच्या दोन्ही तोंडांना आतून पंधरा अंशांचा तीन मिमी लांब उतार दिला, म्हणजे पिस्टन आत जाताना रिंग कापली न जाता दबत जाते.

जोडल्यावर आधी पाण्यावर टेस्ट घेतली. प्लंबर वापरतात तो हातपंप लावून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, ९ बारपर्यंत. दहा मिनिटं काटा हलला नाही. मग पाणी काढून, पुसून, ग्रीस लावून सिलिंडर पोरांच्या हातात दिला.

पहिली तक्रार आणि माझी चूक

दोन दिवसांनी फोन आला. वर जाताना अडकत अडकत, खाली येताना धाडकन. "काका, सील लई टाइट झालंय बहुतेक. हातानं ढकलायलाबी जोर लागतोय."

हातानं जोर लागत होता हे खरंच होतं. नव्या ओ-रिंगला जागचं हलवायला चालतं ठेवण्यापेक्षा जास्त जोर लागतो, आणि सिलिंडर रात्रभर पडून राहिला की तो आणखी वाढतो. अडकत जाणं म्हटलं की घर्षण, असं माझ्या डोक्यात आलं आणि मी पिस्टन परत लेथला लावला. ग्रूव्हचा तळ ४४.८ वरून ४४.४ केला. रिंगची चेप ०.४ वरून ०.२ वर आली. पिस्टन हातात लोण्यासारखा सरकायला लागला, सगळे खूश झाले.

सील खरोखर घट्ट असतं तर सोंड खाली येतानाही अडकली असती. ती धाडकन पडत होती, म्हणजे खाली येताना तिला कुणीच धरत नव्हतं. पोरांनी दिलेल्या लक्षणातला हा भाग माझ्या कारणाच्या उलट बोलत होता आणि मी तो बाजूला ठेवला. एका लक्षणाला उत्तर मिळालं की दुसरं विसरायचं, ही सवय मी आजवर इतरांच्या कामात पाहिली होती.

सोंडेच्या हिसक्यात ग्रूव्ह बदलल्यानं काहीच फरक पडला नाही. आणि एक नवा त्रास सुरू झाला.

कॉम्प्रेसर सारखा का चालू होतोय

नवा त्रास पोरांनी कानानं पकडला. देखाव्याची तालीम चालू नसतानाही कॉम्प्रेसर मधूनमधून आपोआप सुरू व्हायचा. आरतीच्या मधे तो सुरू झाला तर कसं व्हायचं, ही त्यांची काळजी. मी संध्याकाळी मंडपात गेलो. ढोलवाले सरावाला निघून गेल्यावर जरा शांतता झाली, तेव्हा व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून बारीक सुसू ऐकू आली. सोंड वर असताना नाही. फक्त खाली असताना.

५/२ व्हॉल्व्ह सिलिंडरच्या एका बाजूला हवा देतो आणि दुसऱ्या बाजूची हवा एक्झॉस्टमधून सोडतो. त्या एक्झॉस्टमधून सतत हवा येत असेल तर दोनच शक्यता. एकतर व्हॉल्व्हच आतून गळतोय, नाहीतर पिस्टनचं सील सोडतंय आणि एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडच्या नळीतून परत येतेय. वेगळं करणं सोपं आहे. सोंड खाली टेकवून, लाकडी टेकू देऊन, ज्या बाजूला प्रेशर नाही त्या बाजूची नळी सिलिंडरवरून काढली. सिलिंडरच्या उघड्या भोकावर बोट ठेवलं. गार हवा बोटाला लागली. नळीच्या टोकातून काही नाही. व्हॉल्व्ह निर्दोष, पिस्टन गुन्हेगार.

पण मग सोंड वर असताना का नाही? सील तेच, ट्यूब तीच, पिस्टन तोच. फक्त जागा वेगळी. सोंड खाली म्हणजे पिस्टन मागच्या कव्हरजवळ, वर म्हणजे पुढच्या कव्हरजवळ. याचा अर्थ ट्यूबच्या मागच्या टोकाला काहीतरी वेगळं होतं.

गाळ्यात आणून बोअर गेज घातला. मागच्या टोकाला ५०.०४. फिरवला, ५०.०४. नव्वद अंशात, पंचेचाळीस अंशात, कुठेही ५०.०४. पुढच्या टोकाला ५०.०३ ते ५०.०४. डिप्लोमावाला म्हणाला, बोअर तर एकदम राउंड आहे. मलाही तसंच वाटलं.

तीन बुडबुडे

मग गेज बाजूला ठेवला आणि गळती डोळ्यांनी बघायचं ठरवलं. सिलिंडर उभा केला, दांडा खाली, मागचं टोक वर. दांडा लाकडाचे तुकडे लावून व्हाइसमध्ये पक्का धरला, म्हणजे पिस्टन जागचा हलणार नाही. मागचं कव्हर काढलं आणि त्याच्या जागी मधे मोठं भोक असलेली पट्टी टाकून टाय रॉड परत आवळले, नाहीतर प्रेशर देताच ट्यूबच वर उचलली गेली असती. पिस्टनच्या डोक्यावर साबणाचं पाणी ओतलं. खालच्या भोकातून रेग्युलेटरनं जेमतेम १ बार हवा दिली. तेवढ्या हवेलाही या पिस्टनवर अठरा किलो जोर येतो, म्हणून तोंड ट्यूबच्या वर न नेता बाजूनं टॉर्च मारून आरशात बघत होतो. घरी कुणी हे करून पाहणार असेल तर आरसा विसरू नका.

काही क्षण काहीच नाही. मग कडेला एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ लागली. थोड्या अंतरावर दुसरी. मग तिसरी. तीन जागा, आणि तिन्ही एकमेकींपासून सारख्या अंतरावर.

वेल्डर पोरगा खाली वाकून ट्यूबला बाहेरून बघत होता. "काका, हितं बाहेरनं खुणा हायत बघा." चकच्या जॉच्या दाबखुणा. तीन. प्रत्येक खूण बरोबर बुडबुड्यांच्या बाहेरच्या बाजूला.

तिथे सगळं उलगडलं. पातळ नळी तीन जॉंमध्ये आवळली की ती तीन जागी आत दबते आणि मधल्या तीन जागी किंचित बाहेर फुगते. तशी दबलेली असतानाच मी ती बोअर केली. टूलनं अगदी गोल भोक केलं, पण आत दबलेल्या जागी त्यानं जास्त धातू खाल्ला. चक सोडल्यावर भिंत मूळ जागी परत गेली आणि गोल भोकाचं तीन उंचवट्यांचं भोक झालं. जॉच्या बरोबर मागे बोअर मोठा, दोन जॉंच्या मधे लहान. पुढचं टोक चकच्या बाहेर मोकळं होतं, म्हणून ते गोल राहिलं.

आणि बोअर गेजला हे का दिसलं नाही? कारण तो समोरासमोरच्या दोन बिंदूंमधलं अंतर मोजतो. तीन उंचवट्यांच्या आकारात प्रत्येक फुगवट्याच्या बरोबर समोर एक खोलगट जागा येते. एकीकडे जेवढं वाढलं तेवढं समोर कमी झालेलं असतं, बेरीज तीच. गेज फिरवत राहा, दर वेळी ५०.०४. माप खरं असतं आणि तरी ते भोक गोल नसतं. तीस वर्षं लेथवर काढल्यावर हे मला पुस्तकी म्हणून ठाऊक होतं, पण हातात गेज धरून फसलो तो पहिल्यांदाच.

खात्री करायला शेजारच्या गाळ्यातून तीन टोकांचा इनसाइड मायक्रोमीटर आणला. मागच्या टोकाला जॉच्या खुणांवर टोकं ठेवली तेव्हा ५०.१५. साठ अंश फिरवून खुणांच्या मधे ठेवली तेव्हा ४९.९३. पोरानं दोन्ही आकडे भिंतीवर खडूनं लिहिले आणि त्यांची सरासरी काढली. ५०.०४.

आता चेपेचा हिशोब मांडा. जुन्या ग्रूव्हला, म्हणजे ४४.८ च्या तळाला, मोठ्या जागीसुद्धा चेप ०.३२ उरत होती. रबरानं ती खोट निमूटपणे भरून काढली होती. म्हणूनच पहिले दोन दिवस एक थेंबही हवा गळली नाही आणि पाण्याच्या टेस्टमध्येही काही दिसलं नाही. मी ग्रूव्ह खोल केल्यावर त्या जागी चेप उरली ०.१२. त्यातून पिस्टन एका बाजूला टेकला की निम्मी गेली, वर रिंग ताणल्यामुळे ती थोडी बारीकही होते. हवेला वाट मिळाली. बोअरमधली खोट पहिल्या दिवसापासून होती, ती उघडी पडली माझ्या दुसऱ्या चुकीनं.

हिसक्याचं खरं कारण

ट्यूब दुरुस्त करायच्या आधी सोंडेकडे परत गेलो. नळ्यांमध्ये वेग कमी-जास्त करायचे दोन फ्लो कंट्रोल होते, अंगावर बाण असलेले. पोरांनी ते असे बसवले होते की सिलिंडरमध्ये जाणारी हवा रोखली जाईल आणि बाहेर येणारी मोकळी सुटेल. ऐकायला बरोबर वाटतं: हळू हवं तर हवा हळू द्या. पण हवा दबते. हळू आत येणारी हवा आधी साठत जाते, घर्षण तोडण्याइतकी झाली की पिस्टन झटक्यात पुढे जातो, मागची जागा मोठी होऊन प्रेशर पडतं आणि पिस्टन थांबतो. परत साठणं, परत झटका. खाली येताना तर वजन स्वतःच ओढतं आणि खालची हवा मोकळी सुटते, मग सोंडेला धरणार कोण?

दोन्ही कंट्रोल उलटे केले. आता आत जाणारी हवा मोकळी आणि बाहेर येणारी हवा रोखलेली. पिस्टन दोन्ही बाजूंनी हवेच्या उशीत धरला जातो आणि जितकी हवा बाहेर सोडाल तितकाच सरकतो. सोंड अशी उचलली गेली की वेल्डर पोरगा काही बोललाच नाही, नुसता बघत राहिला. जुन्या ग्रूव्हनंही हे असंच चाललं असतं.

आणखी एक बदल केला. कंट्रोल नळीच्या मधे होते, ते थेट सिलिंडरच्या भोकावर बसवले. मधली नळी निसटली किंवा फुटली तरी सिलिंडरमधली हवा त्या बारीक वाटेनंच बाहेर येते आणि सोंड सावकाश खाली बसते.

ट्यूब परत गोल करणं

भिंतीत मापाला जागा होती, म्हणून तीच ट्यूब ५०.३ ला बोअर करायचं ठरलं. यावेळी धरायची पद्धत बदलली. बिडाचा बुश घेतला, आतून ट्यूबच्या बाहेरच्या मापाला तंतोतंत बोअर केला आणि लांबीभर एका बाजूनं हॅकसॉनं चिरला. ट्यूब बुशमध्ये, बुश चकमध्ये. जॉ आवळले की बुश सगळ्या बाजूंनी सारखा मिटतो आणि दाब तीन ठिकाणी न पडता घेरभर पसरतो. रफ कट झाल्यावर चकची चावी थोडी सैल केली, ट्यूब जेमतेम धरली जाईल इतकी, आणि शेवटचा बारीक कट त्या सैल पकडीवर घेतला. बारीक कटाला जोर लागतोच किती?

बोअरिंगच्या टूलनं बोअरमध्ये अगदी बारीक आटे राहतात. नखाला ते जाणवत नाहीत, पण रिंगला जाणवतात, आणि हवा त्या आट्यांच्या वाटेनं गोल गोल फिरत बाहेर येते. ते मोडायला लाकडी दांडी टोकाला चिरून त्यात चारशे नंबरचा पॉलिश पेपर अडकवला, रॉकेलमध्ये भिजवला आणि जॉब फिरत असताना दांडी आतबाहेर केली. बोट आत घालायचं नाही, कितीही अनुभव असला तरी. बेडवर ओलं फडकं टाकलं होतं, कारण त्या पेपरची पूड लेथच्या स्लाइडमध्ये गेली की लेथच झिजतो. नंतर ट्यूब गरम पाण्यात साबणानं, बाटलीच्या ब्रशनं, पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच बाहेर येईपर्यंत धुतली. ही पूड मऊ अ‍ॅल्युमिनिअममध्ये रुतून बसते आणि मग रिंगला रोज थोडं थोडं खाते.

तीन टोकांच्या मायक्रोमीटरनं दोन्ही टोकांना, सगळ्या बाजूंनी ५०.३० ते ५०.३२. नवा पिस्टन पोरानं स्वतः टर्न केला, ग्रूव्हचा तळ ४५.१. त्याचा पहिला प्रयत्न ४५.०२ ला गेला. क्रॉस स्लाइडचा लॅश (स्क्रूचा ढिलेपणा) काढायला विसरला होता. दुसरा बरोबर आला. पिस्टन मागच्या टोकाला ठेवून ६ बार हवा कोंडली आणि साबणाच्या पाण्याची तीच परीक्षा घेतली. पाणी शांत राहिलं. अर्ध्या तासात काटा किंचित खाली आला, ती गळती नळीच्या एका जोडापाशी होती, तो जोड आवळला.

विसर्जनानंतर

सिलिंडर दहा दिवस चालला. मी तो परत मागवला होता, उघडून बघण्यासाठी. रिंगवर चिरा नव्हत्या, घेरभर एकसारखी चमक होती, जास्त घासलेल्या तीन जागा कुठेही नव्हत्या. पिस्टनच्या खालच्या अंगाला थोडी झीज होती, कारण सोंडेचं वजन दांड्याला किंचित आडवं ओढत होतं. पुढच्या वेळी दांड्याच्या टोकाला नुसता पिनचा जोड न देता गोल फिरणारा रॉड एंड द्यावा लागेल.

आणि मागच्या कव्हरच्या खळग्यात अर्धा चमचा पाणी होतं, दुधासारखं. त्याच्या वरच बोअरवर पांढरट डाग, अ‍ॅल्युमिनिअम गंजायला लागल्याचे. टाकीखालचा ड्रेनकॉक रोज उघडायचा, हे मी सांगितलं होतं. पोरांनी पहिले तीन दिवस उघडला होता, मग मिरवणुकीच्या तयारीत राहून गेला. डागांवर परत चारशेचा पेपर फिरवला. एका जागी बारीक खड्डा राहिलाच, नखाला लागतो. ती ट्यूब आता माझ्या कपाटात आहे. नवी ट्यूब आली की आतून हार्ड अ‍ॅनोडाइझ करून (अ‍ॅल्युमिनिअमवर कडक ऑक्साइडचा थर चढवून) घ्यायची असं ठरलंय, आणि कॉम्प्रेसरच्या पुढे पाणी पकडणारा फिल्टर, ज्याची पारदर्शक वाटी भरली की बाहेरून दिसते.